नव्या संचात

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मी तीन वेळा वाचला. गायक नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याच्या पाठोपाठ महिन्याभरात कीबोर्ड वाजवणाऱ्यानेही रजा घेतली आणि आता तू, ड्रमवाला आणि बासवाला असे तिघेच उरला आहात, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. पाच मुले एका बँडमध्ये चार वर्षे टिकली, आश्चर्य खरे तर त्याचे वाटायला हवे. तू दोन प्रश्न विचारले आहेस. बँडचे नाव तेच ठेवावे की बदलावे, हा पहिला. आणि आधीच्या गायकाच्या आवाजाशी जुळणारा, तुमची नऊ गाणी जशीच्या तशी गाईल असा मुलगा पुण्यात कुठे मिळेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर द्यायला मला थोडे आडवळण घ्यावे लागेल. दुसऱ्याचे आत्ताच देतो, ते तुला आवडणार नाही: असा मुलगा शोधूच नकोस.

आपल्या नाटकवाल्यांत ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द मराठीच असल्यासारखा रुळला आहे. ठरलेला नट आजारी पडला, मालिकेत अडकला किंवा रुसला, की दुसरा नट आठ दिवसांत त्याच्या जागा, त्याचे विराम आणि त्याचे हशे पाठ करतो आणि शनिवारचा प्रयोग पार पडतो. नाटकाचे त्यात भागते, कारण संहिता लिहिलेली असते आणि नटाच्या आधीपासून ती तिथे असते. तुमच्यासारख्यांची संहिता कुठेच लिहिलेली नसते. ती वाजवणाऱ्यांच्या हातांत असते, आणि हात गेले की तीही जाते. हे मला फार उशिरा कळले. कॉलेज संपल्यावर मी ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो, त्यातला मुख्य गायक ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर सोडून गेला, तेव्हा आम्ही हुबेहूब त्याच्यासारखा आवाज शोधला आणि दुर्दैवाने तो सापडला. पुढे दीड वर्ष आम्ही तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच पट्टीत वाजवली. लोक टाळ्या देत आणि खुर्च्या सरकवत उठताना म्हणत, ‘आधीचा बरा होता.’ त्या पोराची स्वतःची पट्टी कोणती, हे आमच्यापैकी कोणी त्याला एकदाही विचारले नाही, आणि त्या न विचारणाऱ्यांत मी होतो.

म्हणून तुला आज किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा चेहरा मी तुझ्या टी-शर्टवर पाहिला आहे. पुढचे बारा स्टुडिओ अल्बम तू नीट बसून ऐकले असावेस, असे मात्र तुझ्या बोलण्यातून कधी जाणवले नाही. प्रॉग रॉकच्या, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकच्या इतिहासात माणसे गमावणारे बँड पुष्कळ आहेत. माणसे गेल्यावर काय करायचे, याचे जवळजवळ सगळे बरेवाईट प्रयोग एकाच नावाखाली करून ठेवलेला बँड मला हा एकच माहीत आहे.

सुरुवात १३ जानेवारी १९६९ ची, लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरल्या एका कॅफेच्या तळघरातली. रॉबर्ट फ्रिप गिटारवर, मायकेल जाइल्स ड्रमवर, ग्रेग लेक गायला आणि बासवर, इयन मॅकडोनाल्ड सॅक्सोफोन, बासरी आणि कीबोर्डवर, आणि गाण्यांचे शब्द लिहून शिवाय रंगमंचाची प्रकाशयोजना पाहणारा पीटर सिनफिल्ड. लेक मुळातला गिटारवाला. बास त्याने या बँडसाठी हाती घेतला होता. सहा महिन्यांच्या आत, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी अफाट गर्दीसमोर ते वाजवून आले आणि ऑक्टोबरात पहिला अल्बम बाजारात आला. त्या अल्बमसाठी त्यांना आधी एक नावाजलेला निर्माता मिळाला होता, पण त्याच्याबरोबरची ध्वनिमुद्रणे त्यांनी बाजूला ठेवली आणि अननुभवी असूनही सगळे स्वतःच्या हाताने पुन्हा केले. त्यातला तो व्हायोलिनच्या ताफ्यासारखा गहिरा आवाज मेलोट्रॉनचा आहे. या कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते, फितीवर खऱ्या वाद्याचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो आणि पट्टी दाबून धरली की तो आठेक सेकंद वाजून संपतो; मग बोट उचलून फीत मागे जाऊ द्यावी लागते. म्हणजे स्वर किती वेळ धरायचा हे वादकाइतकेच यंत्रही ठरवते, आणि पहिल्या अल्बममधल्या त्या संथ, दरबारी चालींची घडण यंत्राच्या या अडचणीशी जुळवून झाली आहे. तुमच्या कीबोर्डवाल्याने ज्या सॉफ्टवेअरमधून हा आवाज काढला होता, त्यात स्वर हवा तेवढा वेळ धरता येत होता, आणि म्हणूनच त्याचे तुकडे मला नेहमी सैल वाटले. हे त्याला सांगायचे राहून गेले.

त्याच डिसेंबरात, अमेरिकेचा पहिलाच दौरा संपत असताना, मॅकडोनाल्ड आणि जाइल्स यांनी आपण बाहेर पडत असल्याचे सांगितले. फ्रिप तेव्हा तेवीस वर्षांचा होता, साधारण तुझ्याच वयाचा. त्याने ‘तुम्ही राहा, मीच जातो’ असे सुचवून पाहिले; ते दोघे तयार झाले नाहीत. मॅकडोनाल्डने पुढे या निर्णयाबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला, पण तो फार पुढे. थोड्याच काळात लेकही इमर्सन, लेक अँड पामर या नव्या बँडकडे निघाला. अल्बम इंग्लंडच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलेला, आणि घरात उरले कोण, तर एक गिटारवाला आणि एक शब्द लिहिणारा.

आता यानंतरची दोन-अडीच वर्षे तू नीट पाहा, कारण तू आज नेमका तिथे उभा आहेस. फ्रिपने आधी रिप्लेसमेंटचाच मार्ग धरला. १९७० चा दुसरा अल्बम पहिल्याच्या साच्यावर बेतलेला आहे: सुरुवातीला तसाच दणका, मग तसेच हळुवार गाणे, शेवटाकडे तसाच मेलोट्रॉनचा डोंगर. गंमत अशी की त्यात गायला बराचसा लेकच आहे आणि ड्रमवर पाहुणा म्हणून जाइल्स आहे, म्हणजे गेलेल्यांच्या जागा गेलेल्यांनीच भरल्या. मग फ्रिपचा शाळासोबती गॉर्डन हॅस्केल गायला आला आणि तिसरा अल्बम करून, एकही जाहीर कार्यक्रम न करता निघून गेला. गायकासाठी चाचण्या घेतल्या, त्यांत ब्रायन फेरी येऊन गेला. या बँडला तो जुळत नाही हे ओळखले गेले, आणि पुढे त्याच्या रॉक्सी म्युझिक या बँडला व्यवस्थापन मिळवून द्यायला हीच मंडळी उपयोगी पडली. शेवटी बॉझ बरेल हा गायक मिळाला, पण बासवाला मिळेना. तेव्हा फ्रिपने बॉझलाच बास शिकवला, एकेक बोट धरून. त्या संचाने ‘आयलंड्स’ हा अल्बम केला, त्यात काही फार सुंदर जागा आहेत, पण दौऱ्यावर पोचेपर्यंत मंडळींची मने वेगळ्या दिशांना गेलेली होती. बाकीच्यांना मोकळेपणाने ब्लूज वाजवायचा होता, फ्रिपला ते नको होते, आणि १९७२ चा अमेरिकेचा दौरा त्यांनी बँड मनाने फुटल्यानंतर केवळ कबूल केला म्हणून पुरा केला. त्या दौऱ्याचा जो अल्बम निघाला तो मिक्सिंग डेस्कवरून थेट कॅसेटवर घेतलेला आहे आणि आवाज इतका फाटका, की पहिल्यांदा ऐकताना मला माझा टेपरेकॉर्डर बिघडला असे वाटले होते. तरी तोही ऐक. एकमेकांवर नाराज असलेली चांगली माणसे कशी वाजवतात, ते त्यात ऐकू येते.

फ्रिपने त्यानंतर जे केले, त्यासाठी हे पत्र आहे. १९७२ च्या उन्हाळ्यात त्याने जुन्या जागा भरायचे सोडून दिले. सॅक्सोफोन गेला होता, तर सॅक्सोफोनवाला न शोधता त्याने डेव्हिड क्रॉस हा व्हायोलिनवाला घेतला. यस हा बँड यशाच्या ऐन चढावर असताना बिल ब्रुफर्ड तिथून उठून इकडे आला. फॅमिली या बँडमधून जॉन वेटन आला, ज्याचा बास गिटारच्या तोडीस तोड गरजत असे. आणि पाचवा जेमी म्यूर, ज्याचे वाद्य काय म्हणून विचारले तर उत्तर देता येऊ नये: पत्र्याचे तुकडे, साखळ्या, घंटा, खेळणी आणि तोंडात नकली रक्त. ‘लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक’ हे या संचाच्या पहिल्या अल्बमचे नाव त्याच्याच डोक्यातून आले. म्यूर जेमतेम काही महिने टिकला आणि १९७३ च्या सुरुवातीला सगळे सोडून स्कॉटलंडमधल्या एका बौद्ध मठात राहायला गेला. पण तेवढ्या काळात त्याने ब्रुफर्डचे वाजवणे कायमचे बदलले. संगीत आपल्यासाठी नसते, आपण संगीतासाठी असतो, हे आपल्याला म्यूरकडून उमगले, अशा अर्थाचे ब्रुफर्डने नंतर अनेकदा सांगितले आहे. आणि म्यूर गेल्यावर काय केले, तर दुसरा म्यूर आणला नाही. ब्रुफर्डनेच आपल्या ड्रमच्या भोवती पत्रे आणि घंटा टांगल्या आणि चौघे पुढे निघाले. नवा संच जुने जवळजवळ काहीच वाजवत नव्हता. पहिल्या अल्बमवर जीव टाकणारे श्रोते समोर बसलेले असताना हे करायला काय छाती लागत असेल, याचा अंदाज तू कर, कारण तुम्ही अजून तुमच्या नऊ गाण्यांपैकी एक गाळायला घाबरता.

याच संचातले एक गाणे तुला अगदी जवळून दाखवतो. ‘स्टारलेस’ची मूळ चाल वेटनने आणली, तेव्हा फ्रिप आणि ब्रुफर्ड यांना ती आवडली नाही आणि ती बाजूला पडली. वर्षाच्या आत ते गाणे पुन्हा काढले गेले, वाढवले गेले आणि १९७४ च्या ‘रेड’ या अल्बमचा बारा मिनिटांचा शेवट झाले. त्याच्या मधल्या भागात बास आणि ड्रम यांनी १३ मात्रांचे आवर्तन धरले आहे. त्यावर फ्रिप काय वाजवतो? एक स्वर. तोच स्वर दोन तारांवर आळीपाळीने, मग थोडा वरचा, पुन्हा तोच, पुन्हा थोडा वरचा, असे मिनिटामागून मिनिट, आणि खालून ड्रम हळूहळू जागे होत जातात. ज्याची बोटे जगातल्या कोणत्याही गिटारवाल्याहून कमी वेगाने चालत नव्हती, त्याने आपल्या सर्वोत्तम गाण्यात एका स्वरावर बसून राहणे पसंत केले. तुझ्या गेल्या कार्यक्रमातला चार मिनिटांचा सोलो आठव. तुला लाजवायला हे लिहीत नाही. तुझ्या वयाचा असताना माझे सोलो सहा मिनिटांचे असत.

‘रेड’ होईपर्यंत क्रॉसही गेला होता. बास आणि ड्रम दोघेही इतक्या मोठ्याने वाजू लागले होते की व्हायोलिन त्याखाली बुडून जाई. त्याला बाहेर पडावे लागले ते मुख्यतः आवाजाच्या या शर्यतीमुळे, हे लक्षात ठेव, पुढे त्याचे काम पडणार आहे. उरलेल्या तिघांनी जुन्या सोबत्यांना, म्हणजे सॅक्सोफोनवाला मेल कॉलिन्स आणि मॅकडोनाल्ड यांनाही, पाहुणे म्हणून बोलावून तो अल्बम पुरा केला आणि तो बाजारात येण्याच्या काही दिवस आधी फ्रिपने बँडच बंद केला. इंग्लंडच्या यादीत ‘रेड’ ४५ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. आज मला कोणी या बँडचा एकच अल्बम मागितला तर मी हाच काढून देईन.

पुढची सात वर्षे किंग क्रिमसन नव्हताच. फ्रिप इंग्लंडमधल्या शेरबोर्न हाउस या निवासी शाळेत गुर्जिएफ या अध्यात्मगुरूच्या परंपरेतली साधना करायला गेला, नंतर न्यूयॉर्कला राहिला, डेव्हिड बोवी या गायकाच्या ‘हीरोज’ अल्बमवर वाजवून आला. मी ही माणसे ऐकू लागलो ती साधारण याच सुमाराच्या नंतर, काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये तासन्‌तास उभा राहून. पैसे एका कॅसेटचे असत आणि मन पाच कॅसेटींवर.

१९८१ मध्ये फ्रिपने ब्रुफर्डला हाक मारली, आणि एड्रियन बेल्यू व टोनी लेव्हिन या दोन अमेरिकनांना. या बँडमध्ये दुसरा गिटारवाला पहिल्यांदाच आला, आणि तोही असा की गिटारमधून हत्तीचा चीत्कार काढून दाखवणारा. लेव्हिन बासबरोबर चॅपमन स्टिक वाजवत असे. त्या वाद्याच्या तारा छेडत नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांवर नुसती टकटक करतात. ब्रुफर्डने इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतले आणि सिंबल जमेल तितक्या टाळायच्या असे त्याला सांगण्यात आले, ज्याबद्दल तो फार खूष नव्हता. मेलोट्रॉन नाही, दरबारी थाट नाही. जुन्या चाहत्यांना हा कोणता बँड असा प्रश्न पडला असेल, तर तो रास्तच होता. दोन गिटारी एकमेकींत विणलेल्या, इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यमेळासारख्या: छोटी छोटी नक्षी, सतत फिरणारी, कोणीच पुढे नाही आणि कोणीच मागे नाही.

हे कसे चालते ते तुला कागदावर समजणार नाही, म्हणून उद्याच्या तालमीत एक करून पाहा. तू आणि बासवाला समोरासमोर मांडी घालून बसा. तू सात टाळ्यांचे आवर्तन धर, त्याने सहाचे धरावे, आणि प्रत्येकाने आपापल्या समेवर मांडीवर थाप द्यावी. लय दोघांची एकच. पहिली थाप एकत्र पडेल. दुसऱ्या वेळी त्याची थाप तुझ्या एक मात्रा आधी पडेल, तिसऱ्या वेळी दोन मात्रा आधी, आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तुम्हा दोघांनाही वाटेल की समोरचा चुकला. तो चुकलेला नसतो. न डगमगता मोजत राहिलात, तर ४२ मात्रा भरल्यावर दोन्ही थापा पुन्हा एकत्र पडतील, आणि तेव्हा तुम्ही दोघेही हसाल. मी हे अनेक मुलांना करायला लावले आहे आणि हसला नाही असा एकही आठवत नाही. ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये दोन गिटारी याच जातीचा खेळ खेळतात: एक गिटार नक्षी तशीच धरून राहते, दुसरी त्या नक्षीतला एक स्वर गाळते आणि घसरत घसरत तिच्यापासून दूर जाऊन पुन्हा भेटते. आपल्याला तिहाईची आणि समेची सवय असल्यामुळे हे संगीत आपल्या कानाला जितके परके वाटायला हवे तितके वाटत नाही. मात्र ते वाजवायला स्वतःच्या मोजणीवर विश्वास लागतो आणि दुसऱ्याच्या मोजणीवर त्याहून जास्त.

नव्वदीतला भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो मला स्वतःला थोडा जड जातो. १९९४ पासून दोन गिटारी, दोन बासच्या जातीची वाद्ये आणि दोन ड्रम असा सहा जणांचा संच झाला; पुढे सहा जणांना एकत्र काही सुचेना, तेव्हा फ्रिपने संच मोडला नाही, तर त्याच माणसांच्या तीन-तीन, चार-चार जणांच्या छोट्या टोळ्या करून १९९७ पासून त्यांना वेगवेगळे वाजवायला पाठवले. त्यांतल्या एका टोळीत बेल्यू गिटार खाली ठेवून इलेक्ट्रॉनिक ड्रमवर बसला. ही युक्ती मात्र तुझ्या कामाची आहे. तिघे एकत्र बसून अडत असाल तर दोघे-दोघे बसा, आणि एखाद्या दिवशी वाद्यांची अदलाबदल करा.

२००३ नंतर त्यांनी एकही स्टुडिओ अल्बम केला नाही, आणि तरीही शेवटचा संच मला सर्वांत समाधानी वाटतो. २०१३ मध्ये जाहीर झालेला आणि पुढच्या वर्षी रंगमंचावर आलेला हा सात जणांचा संच: तीन ड्रमवाले पुढच्या रांगेत आणि बाकीचे चौघे त्यांच्या मागे उंचावर. त्या तिघांतला गॅव्हिन हॅरिसन आपल्याकडच्या काही जणांना ठाऊक आहे, कारण २००९ च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री हा बँड आला होता तेव्हा ड्रमवर तोच होता. गायला जॅको जॅक्झिक, जो आधी क्रिमसनच्या जुन्या सदस्यांनी जमवलेल्या दुसऱ्या एका बँडमध्ये हीच जुनी गाणी गात असे. १९७१ च्या संचातला मेल कॉलिन्स चाळीस वर्षांनी सॅक्सोफोन घेऊन परतला. ज्या फ्रिपने दशकानुदशके पहिल्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांना हात लावू दिला नव्हता, त्याने या संचात त्यांतली बरीचशी बाहेर काढली. अट एवढीच घातली की गाणे कधीही लिहिलेले असो, ते आज नवेच आहे असे समजून वाजवायचे. जाइल्सने एकट्याने वाजवलेले ड्रम आता तिघांत वाटले गेले, एकाने अर्धे वाक्य बोलायचे आणि दुसऱ्याने पुरे करायचे. कार्यक्रमात कोणी फोटो काढायचा नाही, असा कडक नियम होता. शेवटी लेव्हिन आपला कॅमेरा हातात घेई, तीच खूण. त्यानंतर श्रोत्यांनीही फोन काढायला हरकत नसे. ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत शेवटचा कार्यक्रम झाला आणि तिथे शेवटी वाजले ते ‘स्टारलेस’, एकदा नापसंत होऊन पडून राहिलेले.

हे सगळे वाचून फ्रिपला देव्हाऱ्यात बसवू नकोस. प्रत्येक वेळी संच बदलला म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी कळवले गेले, किंवा कळवलेही गेले नाही, की आता तुझे काम नाही. ५० वर्षे झाल्यानिमित्त काढलेल्या माहितीपटात बाहेर पडलेल्या काही जणांच्या बोलण्यातली सल अजून ऐकू येते. १९८१ पासून २००३ पर्यंतच्या सगळ्या अल्बमांवर बँडचा आवाज असलेला बेल्यू शेवटच्या संचात नव्हता. त्याने २०२४ मध्ये लेव्हिनला आणि आणखी दोघांना बरोबर घेऊन ऐंशीच्या दशकातली ती गाणी वेगळ्या नावाने रंगमंचावर आणली, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. तुझ्या बंगळुरूच्या मित्राला तुम्ही पुढे काय करणार आहात हे दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. नऊपैकी चार गाणी त्याची आहेत. ती वाजवणार असाल तर त्याला विचार, नसाल तर तेही सांग, आणि मेसेज न करता फोन कर.

आता नावाचे. १९८१ च्या त्या चौघांनी सुरुवातीचे कार्यक्रम किंग क्रिमसन म्हणून केलेच नव्हते. त्यांचे नाव ‘डिसिप्लिन’ होते. काही महिने वाजवल्यावर फ्रिपला वाटले की हा क्रिमसनच आहे, आणि मग नाव आले. उलट २०११ मध्ये जॅक्झिक, फ्रिप आणि कॉलिन्स यांनी एक अल्बम केला, त्यात पुढच्या संचातली बरीच माणसे होती, पण तो निघाला तिघांच्या स्वतःच्या नावाने. म्हणजे नाव आधी ठरवून त्यात संगीत कोंबण्याऐवजी, काय वाजते आहे ते आधी ऐकले गेले. तुम्ही पुढचे तीन महिने नावाशिवाय तालमी करा. नोव्हेंबरातल्या त्या कॉलेजच्या कार्यक्रमाला नकार कळव. मधल्या काळात नऊही गाणी बंद, आणि टाकून दिलेल्या चालींची जी फाइल तू मला एकदा ऐकवली होतीस ती उघड. त्यातली दुसरी चाल तू ‘फारच साधी’ म्हणून टाकली होतीस आणि मला ती आजही गुणगुणता येते. ऐकायला क्रिमसनचे अल्बम हवेत तर २०१९ पासून ते स्ट्रीमिंगवर आहेत. जुने अल्बम पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने २००९ पासून नव्याने मिक्स केले आहेत, ते घे, त्यांत प्रत्येक वाद्य सुटे ऐकू येते. रोज एक, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत.

एक गोष्ट तू मेलच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहेस आणि मला वाटते की तीच सगळ्यांत महत्त्वाची होती. हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेली एक मुलगी मागच्या महिन्यात तुमच्या तालमीला येऊन तासभर वाजवून गेली, सगळ्यांना मजा आली, पण तुम्हाला कीबोर्डवाला हवा होता म्हणून तुम्ही तिला नंतर कळवतो म्हणून सांगितले आणि कळवले नाही. तिला आज फोन कर. ‘कीबोर्डचे भाग व्हायोलिनवर बसवशील का’ असे विचारू नकोस; तिला काय वाजवावेसे वाटते ते विचार, आणि ती कोणत्या स्वराला षड्ज धरते तेही, म्हणजे तुम्हाला गिटारी कशा लावायच्या याचा विचार आधी करता येईल. रविवारी दहा वाजता चौघेही माझ्याकडे या. ड्रम आणू नका, एक काहोन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका, माझ्याकडे आहे. व्हायोलिनच्या पिकअपसाठी जॅकची वायर तिच्याकडे नसेल तर तू घेऊन ये, आणि ती वाजवू लागली की तुझ्या अँपचे बटण, आत्ता असते त्यापेक्षा निम्म्यावर.

तुझा,
काका